उदबत्तीच्या धुरातलं गणित

आज संध्याकाळी देवापुढे दिवा लावलात की एक छोटासा प्रयोग करून बघा. पंखा बंद करा, खिडकी लोटून घ्या, एक उदबत्ती लावा आणि तिच्या धुराकडे दोन मिनिटं नुसतं बघत बसा. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही शेजारी बसवा.

धूर आधी अगदी सरळ वर जातो, ताणून धरलेल्या दोऱ्यासारखा. वीतभर-हातभर उंची गाठली की तो दोरा थरथरायला लागतो. मग एक वळण, दुसरं वळण, आणि बघता बघता त्याची वेटोळी होतात. त्यातून आणखी छोटी वेटोळी फुटतात आणि थोड्याच वेळात धूर असा वेगळा दिसेनासा होतो. तोवर वास मात्र पलीकडच्या खोलीत पोचलेला असतो.

ही वेटोळी म्हणजेच टर्ब्युलन्स. विमानात पट्टे बांधायला सांगतात तेव्हा कानावर पडणारा हाच तो शब्द. आपल्याला त्यातला फक्त हादरा माहीत असतो. पण वास, धूर, परागकण, नदीत सोडलेलं सांडपाणी, कारखान्यातून सुटलेला वायू यांपैकी काहीही कुठवर आणि किती लवकर पसरणार, हे बहुतेक वेळा हा टर्ब्युलन्सच ठरवतो. त्याचा एक नियम सापडला १९२६ साली. तो शोधणाऱ्या माणसाला पुढे आपल्या कामाचा काही भाग स्वतःच्या हातांनी नष्ट करावासा वाटला. तो नियम काय आणि ती वेळ का आली, हे आज समजून घेऊ.

दारुड्याची चाल

सुरुवात सोप्या पसरण्यापासून करू. हवा पूर्ण स्तब्ध आहे असं समजा. अत्तराच्या बाटलीतून निघालेला एक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात पुढे जातो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी आला तसा मागे. रात्री उशिरा झोकांड्या खात चाललेल्या दारुड्यासारखीच ही चाल. गणितातही तिला खरोखर हेच नाव आहे.

अशा चालीत १०० पावलं टाकली तरी माणूस निघालेल्या जागेपासून सरासरी फक्त १० पावलं दूर जातो. १०,००० पावलं टाकली तर १०० पावलं. म्हणजे दुप्पट लांब जायचं तर चौपट वेळ लागतो आणि दहापट लांब जायचं तर शंभरपट. यालाच विसरण म्हणतात. १९०५ साली आइनस्टाइनने याचं गणित नीट मांडलं. दुधात घातलेली साखर न ढवळता विरघळायला इतका वेळ का लागतो, त्याचं उत्तरही याच गणितात आहे.

आता हे गणित उदबत्तीला लावून बघा. हवा खरंच स्तब्ध असती, तर वासाच्या रेणूंना पाच मीटर दूर पोचायला दहा-पंधरा दिवस लागले असते! प्रत्यक्षात एक-दोन मिनिटं पुरतात. इतका प्रचंड फरक पडतो तो त्या वेटोळ्यांमुळे.

मग या वेटोळ्यांचं गणित कसं करायचं? ते सुचलेला माणूस त्याआधी युद्धभूमीवर जखमींना वाहून नेत होता.

अँब्युलन्स चालवणारा गणिती

लुईस फ्राय रिचर्डसन यांचा जन्म १८८१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. घराणं क्वेकर पंथाचं. शस्त्र हाती घ्यायचं नाही, ही या पंथाची शिकवण. पहिल्या महायुद्धात रिचर्डसन यांनी लढायला नकार दिला, पण ते घरी बसले नाहीत. फ्रान्समध्ये आघाडीवर जाऊन त्यांनी अँब्युलन्स चालवली.

त्यांच्या डोक्यात त्या वेळी एक वेडी कल्पना होती. ग्रहणाची वेळ जशी गणिताने आधीच सांगता येते, तसं उद्याचं हवामान का सांगता येऊ नये? थंड, ओलसर मुक्कामात गवताच्या गंजीवर बसून, फावल्या वेळात त्यांनी हाताने आकडेमोड सुरू केली. २० मे १९१० या जुन्या दिवसाची निरीक्षणं हाताशी होती. त्यावरून सहा तासांत हवेचा दाब किती बदलला असेल, ते त्यांनी काढून पाहिलं. उत्तर आलं १४५ मिलिबार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता!

मधल्या काळात, १९१७ च्या लढाईच्या धामधुमीत, त्यांचं हस्तलिखित हरवलंही. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. दुसरा कोणी असता तर त्याने ते चुकलेलं उत्तर तिथेच गाडून टाकलं असतं. रिचर्डसन यांनी १९२२ च्या आपल्या पुस्तकात ते जसंच्या तसं छापलं आणि कुठे चुकलं असावं याची चर्चाही केली. आज आपल्या मोबाइलवर पावसाचा जो अंदाज दिसतो, त्याची रीत मुळात त्यांचीच. त्यांच्या काळी कमी होती ती संगणकाची.

हवामानाचं गणित करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. हवेत एकाच मापाचे भोवरे नसतात. मोठ्या भोवऱ्याच्या पोटात मधला असतो, मधल्याच्या पोटात लहान. मोठ्याची शक्ती फुटत फुटत लहानात उतरते आणि शेवटी अगदी चिमुकल्या भोवऱ्यात हवेच्या चिकटपणामुळे तिची उष्णता होऊन जाते. वादळापासून उदबत्तीच्या वेटोळ्यापर्यंत ही एकच उतरंड आहे.

जत्रेत सुटलेला हात

या उतरंडीचा पसरण्याशी काय संबंध? त्यासाठी एखादी मोठी जत्रा डोळ्यांसमोर आणा.

दोन मैत्रिणी गर्दीत हातात हात घालून चालल्या आहेत. गर्दीचा मोठा लोंढा आला तर तो दोघींना एकदमच पुढे नेतो. त्याने त्यांची जागा बदलते, पण त्यांच्यातलं अंतर वाढत नाही. अंतर वाढवते ती जवळची धक्काबुक्की, म्हणजे मध्येच घुसलेला कोणी किंवा खेळण्यांच्या दुकानाकडे ओढ घेणारं पोर. एकदा हात सुटला आणि दोघी चार-पाच मीटर लांब झाल्या की छोटे लोंढेही त्यांना वेगवेगळ्या दिशांना नेऊ लागतात. पन्नास मीटरचं अंतर पडलं की एक देवळाच्या लोंढ्यात असते, तर दुसरी बसस्टँडच्या. जेवढ्या त्या लांब होतात, तेवढे त्यांना लांब नेणारे प्रवाह मोठे होत जातात.

हवेतल्या दोन कणांचंही असंच होतं. त्यांच्यातल्या अंतरापेक्षा खूप मोठा भोवरा दोघांना सोबत उचलून नेतो. खूप छोटा भोवरा नुसता गुदगुल्या करतो. त्यांना खरं वेगळं करतो तो साधारण त्यांच्यातल्या अंतराएवढाच भोवरा. अंतर वाढलं की त्याहून मोठ्या भोवऱ्याची पाळी येते, आणि मोठे भोवरे जास्त जोरदार असतात. म्हणून इथे पसरण्याचा वेग ठरलेला नसतो, पसरण्याबरोबर तोही वाढत जातो.

रिचर्डसन यांनी त्यासाठी मिळेल ती मोजमापं गोळा केली. लेबल लावलेले फुगे सोडले, ते कुठे कुठे सापडले याच्या नोंदी तपासल्या. वाऱ्याच्या मोजणीपासून मोठ्या वादळांपर्यंत सगळ्या मापांवर हवा किती जोमाने पसरवते, ते त्यांनी एकाच आलेखावर मांडलं. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात अब्जावधी पटींचा फरक होता. तरीही सगळे बिंदू साधारण एका सरळ रेषेत बसले. त्या रेषेचा उतार होता ४/३.

याचा अर्थ साधा आहे. ढगाचा आकार ८ पट झाला की त्याला पसरवण्याची हवेची क्षमता १६ पट होते. आकार १,००० पट झाला की क्षमता १०,००० पट.

हे वेळेच्या भाषेत सांगतो. दोन कण पहिल्या मिनिटाला एकमेकांपासून एक मीटरवर आहेत असं धरा. दारुड्याच्या चालीने ते चौथ्या मिनिटाला २ मीटरवर असतील, रिचर्डसन यांच्या नियमाने ८ मीटरवर. शंभराव्या मिनिटाला पहिल्या हिशोबाने अंतर १० मीटर, दुसऱ्या हिशोबाने १,००० मीटर, म्हणजे चक्क एक किलोमीटर! अर्थात, त्या मापाचे भोवरे हवेत असतील तोवरच हा नियम चालतो. पण तेवढ्यातही फरक केवढा पडतो ते बघा.

नेहमीच्या नियमात न बसणाऱ्या अशा पसरण्याला शास्त्रज्ञ आज ‘असामान्य विसरण’ म्हणतात. रिचर्डसन यांचा १९२६ चा नियम हे त्याचं सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक.

ज्ञान नको त्या हातात

इथे गोष्टीला वेगळं वळण लागतं.

महायुद्ध संपल्यावर रिचर्डसन ब्रिटनच्या हवामान खात्यात काम करत होते. १९२० साली ते खातं हवाई मंत्रालयाच्या, म्हणजे लष्करी विमानदलाशी बांधलेल्या मंत्रालयाच्या हाताखाली गेलं. रिचर्डसन यांनी नोकरी सोडली. पोटासाठी ते कॉलेजात शिकवू लागले आणि संशोधन आपल्या हिमतीवर चालू ठेवलं.

पण संशोधनातून सुटका इतकी सोपी नव्हती. हवेत एखादी गोष्ट कशी पसरते, हे जाणून घ्यायची सर्वांत जास्त गरज कोणाला होती? पहिल्या महायुद्धात विषारी वायू पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर वापरला गेला होता. वारा फिरला की तोच वायू सोडणाऱ्याच्याही अंगावर उलटत असे. त्यामुळे विषारी वायूंवर काम करणाऱ्या तज्ज्ञांना रिचर्डसन यांचं गणित अगदी हवं तसं होतं. त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी नंतर सांगितलं आहे की, आपल्या कामात सर्वांत जास्त रस विषारी वायूच्या तज्ज्ञांनाच आहे, हे कळल्यावर रिचर्डसन यांचं मन मोडलं. त्यांनी हवेवरचं संशोधन थांबवलं आणि जे अजून छापलं गेलं नव्हतं, ते नष्ट करून टाकलं.

ज्या हातांनी त्यांनी जखमी माणसं वाहून नेली होती, त्याच हातांनी स्वतःचे कागदही संपवले. हे बरोबर केलं की चूक, यावर आजही दोन मतं होऊ शकतात. त्यानंतर त्यांनी उरलेलं आयुष्य बरंचसं एकाच प्रश्नावर घालवलं, तो म्हणजे माणसं युद्ध का करतात. तेही गणितानेच.

धक्क्यावरून फेकलेले तुकडे

टर्ब्युलन्सने मात्र त्यांना पुरतं सोडलं नाही. निवृत्तीनंतर ते स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठच्या एका गावी राहत होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर हेन्री स्टॉमेल नावाचा एक तरुण अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ त्यांना भेटायला गेला. रिचर्डसन तेव्हा पासष्टीच्या घरात होते. हवेचा नियम पाण्यालाही लागू पडतो का, असा प्रश्न दोघांपुढे होता.

महागडी उपकरणं नव्हती. दोघं लॉक लाँग नावाच्या खाडीच्या धक्क्यावर गेले आणि पार्सनिपचे तुकडे पाण्यात फेकू लागले! पार्सनिप म्हणजे गाजराच्या जातीचं, फिकट पांढऱ्या रंगाचं कंदमूळ. ते का निवडलं? पांढरट असल्यामुळे ते काळ्या पाण्यात लांबूनही दिसतं. शिवाय ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे त्याला वारा ढकलत नाही, फक्त पाणी नेतं. दोन तुकड्यांत सुरुवातीला किती अंतर होतं आणि थोड्या वेळाने किती झालं, एवढंच मोजायचं.

१९४८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. पाण्यातलं उत्तरही ४/३ च्या अगदी जवळ आलं. जो नियम हवेला, तोच खाडीच्या पाण्यालाही. आज समुद्रात तेल सांडलं किंवा बोट बुडून माणसं वाहून गेली, तर कुठे शोधायचं हे ठरवणारी गणितं याच वाटेने पुढे गेलेली आहेत.

सरासरीचा घोटाळा

तर मग गणित पूर्ण झालं का? नाही. उलट, खरी मजा आणि खरा धोका इथेच आहे.

रिचर्डसन यांचं म्हणणं होतं की पसरण्याची क्षमता अंतराप्रमाणे वाढते. १९५० च्या दशकात जॉर्ज बॅचलर यांनी दुसरं सूत्र मांडलं, त्यात ती वेळेप्रमाणे वाढते. गंमत अशी की दोन्ही सूत्रांतून सरासरी अंतर सारखंच निघतं. फरक असतो तो टोकाच्या कणांत. बॅचलर यांच्या चित्रात फार लांब गेलेले कण नगण्य असतात. रिचर्डसन यांच्या चित्रात बरेच कण जवळ रेंगाळतात आणि काही अपेक्षेपेक्षा खूप लांब फेकले जातात. १९८७ साली तीन शास्त्रज्ञांनी हेच लांब उड्यांच्या भाषेत मांडलं. त्यांच्या मते कण एकसारखी पावलं टाकत नाही, बराच वेळ घुटमळतो आणि मधूनच एखादी लांबलचक झेप घेतो.

२००६ साली अतिवेगवान कॅमेऱ्यांनी ढवळलेल्या पाण्यातले बारीक कण टिपले गेले. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कण सुरुवातीला एकमेकांपासून किती लांब होते, याची आठवण खूप काळ टिकते. त्यामुळे रिचर्डसन यांचा शुद्ध नियम प्रयोगशाळेत स्पष्ट पकडणं फार कठीण जातं. शंभर वर्षं होत आली तरी हा विषय मिटलेला नाही.

गुजरातमधल्या गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथे आणि जगभरच्या अशा प्रयोगशाळांत सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर मिळवण्यासाठी अतितप्त वायू चुंबकाच्या पिंजऱ्यात कोंडून ठेवण्याचे प्रयत्न चालतात. तिथली मोठी डोकेदुखी टर्ब्युलन्सच आहे. तो अशांत भागातून शेजारच्या शांत भागात शिरतो आणि उष्णता बाहेर निसटते. साधं विसरणाचं सूत्र तिथेही अपुरं पडतं, म्हणून लांब उड्यांचं गणित वापरून पाहिलं जातं.

हे सगळं आपल्याला काय करायचंय? शेजारच्या फोडणीचा वास आठवा. तो एकसारखा येत नाही. एक झुळूक येते, नाकात झणका बसतो, मग काहीच नाही, मग पुन्हा झणका. सरासरी काढली तर ‘हलका वास’ एवढंच उत्तर येईल. पण नाकाला सरासरी कळत नाही, त्याला झणका कळतो. फोडणीच्या जागी विषारी वायू असेल तर हा फरक जिवावर बेततो.

भोपाळची रात्र

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. भोपाळमधल्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. हजारो माणसं गेली आणि त्याहून कितीतरी जास्त जन्मभराची दुखणी घेऊन जगली.

ती थंडीची रात्र होती. दिवसा ऊन असतं तेव्हा जमीन तापते, हवा वर उसळते, मोठे भोवरे तयार होतात आणि वायू उंचावर जाऊन विरळ होतो. हिवाळ्याच्या रात्री उलट होतं. जमिनीलगतची थंड हवा झाकण घातल्यासारखी खाली बसून राहते. मोठे भोवरे जवळजवळ थांबतात. त्यातून हा वायू हवेपेक्षा जड. तो विरळ न होता जमिनीलगत वस्त्यांमधून सरकत राहिला. टर्ब्युलन्स आपण नेहमी वाईट समजतो, पण त्या रात्री तो पुरेसा असता तर वायू लवकर विरळ झाला असता. दिल्लीत, उत्तरेच्या मैदानात हिवाळ्यात धूर अडकून राहतो तोही याच कारणाने.

आज रसायनांचे कारखाने कुठे उभारायचे, गळती झाली तर किती अंतरावरची वस्ती हलवायची, अणुभट्टीला अपघात झाला तर कोणत्या दिशेला धोका, हे ठरवताना हवेतल्या पसरण्याचं गणित वापरलंच जातं. ज्या ज्ञानाची रिचर्डसन यांना धास्ती वाटली, तेच आज माणसं वाचवायला लागतं.

आपल्या घरात

या गणितातून घरातल्या प्रत्येकाला कळाव्यात अशा काही गोष्टी:

• स्वयंपाकाचा गॅस गळत असेल तर ‘थोड्या वेळाने जाईल’ म्हणून थांबू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो आणि आपोआप लवकर हटत नाही. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

• कारखान्यातून वायूगळती झाल्याचं कळलं आणि तुम्ही उघड्यावर असाल, तर आधी वारा कुठून येतोय ते बघा. झेंडा, झाडाची पानं, कुठलाही धूर ते सांगतो. वाऱ्याच्या दिशेने पळू नका, तो वायू तुमच्या मागोमाग येतो. वाऱ्याला आडवं जा आणि जमेल तर उंच भागाकडे.

• घरात असाल आणि प्रशासनाने घरातच थांबायला सांगितलं, तर दारं-खिडक्या बंद करा, एक्झॉस्ट पंखा आणि एसी बंद करा, फटींना ओले कपडे लावा. मदतीसाठी ११२.

• ‘आता वास येत नाही’ म्हणजे धोका टळला, असं नाही. झणके थांबून थांबून येतात.

रिचर्डसन १९५३ साली गेले. आपण ज्याच्यापासून दूर पळालो त्या गणिताने पुढे काय काय केलं, हे बरंचसं त्यांना बघायला मिळालं नाही. ते कागद त्यांनी नष्ट केले नसते तर आज आपल्याला आणखी काय माहीत असतं, कोणास ठाऊक.

संध्याकाळी उदबत्ती लावाल तेव्हा मुलांना ती सरळ रेघ कुठे मोडते ते दाखवा. शेजारच्या खोलीत वास पोचायला किती वेळ लागला, घड्याळ लावून मोजा. मग पंखा चालू करून पुन्हा मोजा. दोन आकडे वहीत लिहून ठेवा. रिचर्डसन यांच्याकडेही शेवटी याहून फार काही नव्हतं. एक धक्का, एक खाडी आणि कंदमुळाचे काही तुकडे.